सहा सिलिंडरची सफ

कर्जत-खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी एक नाही. ठाकर आदिवासींची वस्ती जिथे, तिथे ठाकुरवाडी. भोर घाटाच्या पायथ्याच्या अशाच एका वाडीलगत आमच्या चाचांची थोडी जागा आहे. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक डॉज किंग्जवे उभी असते. मुंबई-पुणे टॅक्सीच्या धंद्यात मोठ्या अमेरिकन गाड्या होत्या त्या काळात चाचा त्या रस्त्यावर ड्रायव्हर होते. मालकाने धंदा मोडला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी त्यांनी ही गाडी मागून घेतली. लोक दारात गाय बांधतात, यांनी हत्ती बांधला, असे अम्मी म्हणायची.

ही गाडी अमेरिकन खरी, पण तिची जुळणी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. किंग्जवेच्या बॉनेटखाली एका रांगेत सहा सिलिंडर असतात. वाल हेडमध्ये नसतात, ब्लॉकच्या कुशीत असतात. म्हणून मिस्त्री लोक त्याला साइड वाल म्हणतात.

सहा सिलिंडर एका रांगेत का, हे मला आमच्या उस्तादांनी सांगितले. पहिला आणि सहावा पिस्टन एकदम वर येतात, दुसरा-पाचवा एकदम, तिसरा-चौथा एकदम. एकाचा धक्का दुसरा खातो, म्हणून इंजिन थरथरत नाही. स्फोटांचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. "नमाज की सफ है मियाँ," ते म्हणाले, "कंधे से कंधा. एक कमजोर हुआ तो पूरी सफ हिलती है." उस्ताद उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेले. नंतर बाराव्या वर्षापासून हातात पाना.

चाचा गेल्यावर गाडी माझ्या चुलत भावाकडे आली. तो सहा आसनी रिक्षा चालवतो. भंगारवाला दर सालाला भाव विचारून जायचा, पण अब्बांची निशाणी विकायला भावाचे मन होईना. त्याने साठवलेले 60,000 रुपये उस्तादांपुढे ठेवले आणि म्हणाला, एवढ्यात गाडी चांगली करा. त्याचा मुलगा डिप्लोमाला आहे. त्याला ताकद वाढवून हवी होती.

स्वस्तातला जुना मार्ग होता डिझेलचा. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिने बनत. पेट्रोल परवडेना तेव्हा कितीतरी अमेरिकन गाड्यांत मूळ इंजिन काढून डिझेल बसवले गेले. पोटासाठी केले, त्यात कमीपणा काही नाही. पण चार सिलिंडरचे डिझेल त्या गाडीत बसले की आरसे थरथरत आणि खिडक्यांच्या काचा वाजत. शिवाय 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम केले. त्यांत चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. डिझेल बसवले असते तर ते दार बंद झाले असते.

दुसरा मार्ग मुलाने शोधला होता. या इंजिनाच्या 218 घनइंची आणि 230 घनइंची अशा दोन आवृत्त्या होत्या. दोन्हींचा बोअर सारखाच, सव्वातीन इंच. फरक स्ट्रोकमध्ये, फक्त पाव इंचाचा. मोठ्या इंजिनाचा क्रँक आणि कनेक्टिंग रॉड लहान ब्लॉकमध्ये बसतात. बाहेरून कुणाला कळतही नाही. उस्तादांना हे ठाऊक होते. "पहले हेड नाप," ते म्हणाले. याच कुळातल्या इंजिनांची हेडे दोन मापांची असतात, सुमारे 23 इंच आणि 25 इंच. लांब ब्लॉकचा क्रँक आखूड ब्लॉकला चालत नाही. आमचे आखूड निघाले. कुर्ल्याच्या बाजारात जोगता क्रँकही सापडला. तरी उस्तादांनी तो घेऊ दिला नाही.

त्यांची यादी निराळी होती. पहिले पाणी. या इंजिनात पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या आत, पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या भोकांतून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट वालच्या सीटजवळ पोचते. नळी आतून गंजते, बाहेरून काही दिसत नाही. पुढचे सिलिंडर थंड राहतात, मागचे भाजतात. रेडिएटर नवा घातला तरी घाटात गाडी तापते आणि लोक हेडला दोष देतात. आमची नळी तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. खोपोलीच्या रेडिएटरवाल्याने पितळी पत्र्याची नवी करून दिली.

दुसरे तेल. 1950 च्या शेवरोलेच्या 216 घनइंची इंजिनात रॉडच्या टोकाचा चमचा तेल उडवी. डॉजमध्ये मात्र पंपाच्या दाबाने तेल बेअरिंगपर्यंत जाते. त्या वाटा गाळाने बुजल्या की सगळे संपले. म्हणून ऑइल पॅन उतरवून सगळे धुतले. तिसरे इंधन. शिसेविरहित पेट्रोल देशभर 2000 साली आले, त्याची या इंजिनाला फिकीर नाही, कारण एक्झॉस्ट वालच्या सीट मुळातच कठीण धातूच्या आहेत. पण 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेले. ते जुने रबर खाते. पंपाचा पडदा आणि सगळे होज बदलले.

उरलेला बहुतेक पैसा ब्रेकला गेला. चारही चाके एकाच मास्टर सिलिंडरवर. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. मुलगा हिरमुसला. म्हणाला, यात ताकद कुठे आली? उस्तादांनी घाटाकडे बोट केले. रेल्वेच्या भोर घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लागतात. पण उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकुरवाडी अशा ठिकाणी थांबत आली आहे, ती ब्रेकची खात्री करायला. आमच्या वाडीचेच नाव त्या थांब्याला आहे. "चढने का सब सोचते हैं," उस्ताद म्हणाले. "उतरना भी है."

शेवटी जे पैसे उरले त्यात हेड थोडे फेस करून घेतले. आजच्या पेट्रोलला तेवढे कॉम्प्रेशन सहज पेलते. ताकद वाढली ती एवढीच. पण गाडी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत काटा न हलवता चढली आणि शांतपणे उतरली.

सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवले की, मोटारींच्या विक्री-दुरुस्तीसारख्या कामांत मुसलमानांचा सहभाग तुलनेने मोठा आहे. आपण तो आकडा मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो, आणि काही लोक त्याचीच 'पंक्चरवाले' अशी शिवी करतात. शाळा हवी, कॉलेज हवे, यात वाद नाही. पण या आकड्याच्या मागे जे शहाणपण आहे, त्याची नोंद कुठे आहे? तुटपुंज्या पैशात आधी काय आणि नंतर काय, हे ज्याला अचूक कळते तो अडाणी कसा?

उस्तादांना आता मोतीबिंदू आहे. टॅपेटची फट ते बोटांनी ओळखतात. त्यांच्या हाताखाली वाडीतला एक ठाकर मुलगा शिकतो आहे, आणि डिप्लोमावाला पुतण्या वही घेऊन बसतो. इंजिन गरम असताना इन्टेकला आठ थाउ, एक्झॉस्टला दहा. लिहिले, की उस्ताद परत वाचून दाखवायला लावतात. आपल्या मोहल्ल्यांत असे उस्ताद अजून आहेत, मोटारीचे, मागाचे, कातड्याचे. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसायला आपल्या शिकलेल्या मुलांना सांगावे, ते उस्ताद आहेत तोवर.