एक बोट, तीन सूर

'मिडी' म्हटलं की आमच्या गर्ल्स होस्टेलमध्ये आधी फ्रॉकच आठवतो. मी रूमवर छोटा कीबोर्ड आणला आणि "हा मिडी आहे" असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या रूममधून "कुठल्या मापाचा?" असा प्रश्न आला होता. तर मित्रमैत्रिणींनो, हा मिडी वेगळा. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा सिंथेसायझर आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीचा सिंथेसायझर एका वायरने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली आणि दुसराही वाजू लागला. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं जी भाषा बोलली, तिचं नाव मिडी.

गंमत म्हणजे त्या वायरमधून आवाज जातच नाही. जातात ते नुसते आकडे! कुठली पट्टी दाबली (० ते १२७), किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच. पियानोचा मधला 'सी' म्हणजे ६०. त्याचा आवाज बासरीचा काढायचा की पेटीचा, हे पलीकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. आणि आकडे म्हटले की बेरीज आलीच. ६० आला की ४ आणि ७ मिळवून ६४ आणि ६७ सुद्धा वाजव, असं सांगितलं की एका बोटात मेजर कॉर्ड तयार. फुकट मिळणाऱ्या एलएमएमएस या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कॅसिओवर डावीकडची एक पट्टी दाबली की अख्खी कॉर्ड वाजते, तोच हा प्रकार.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे सिस्टर पियानोवर प्रार्थना बसवायच्या, त्यामुळे कॉर्ड कानावर लहानपणापासून. पण तिला मराठीत काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. तो शब्द लातूरला आमच्या आबांनी दिला, 'सुरांचा झुबका'.

आबा म्हणजे माझे आजोबा. गंजगोलाईतल्या दुकानात दिवसभर हिशोब आणि रात्री भजनी मंडळात पेटी, असं त्यांचं आयुष्य गेलं. जालन्याच्या अप्पा जळगावकरांचा विषय निघाला की आबा जेवायचं विसरतात. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, उजवा हात शाबूत राहिला. सगळे म्हणाले, देवाची कृपा, पेटी वाजवायचा हात वाचला! पण पेटी एका हाताने वाजत नाही हो. इथे नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकताना नीट बघा, उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. भाताच नाही तर सूर कुठून येणार? माझ्या चुलतभावाने भाता मारून पाहिला. पण तान संपायच्या आधी हवा संपायची, नाहीतर ठेहरावाच्या जागी आवाज उसळायचा. श्वास एकाने घ्यायचा आणि गायचं दुसऱ्याने, तसं ते व्हायचं. शेवटी पेटी कपाटावर गेली आणि आबा बोलायचेच कमी झाले.

मिडी कीबोर्डला भाता नसतो. मी विष्णुपुरीहून कीबोर्ड आणि लॅपटॉप बॅगेत घालून लातूरची एसटी पकडली. आबांनी एका हाताने भूप वाजवला आणि तोंड वाकडं केलं. "हे असं रिकामं का वाजायलंय?" त्यांच्या पेटीला कपलर आहे. म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबते आणि आवाज भरतो. एका बोटात दोन सूर! कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी आपल्या पेटीत ही युक्ती लाकूड आणि तारेने केलेली होती.

मग पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला. आलेल्या आकड्यात १२ मिळवला की कपलर झाला. पण पट्टी सोडल्यावर जोडलेला सूरही बंद करावा लागतो, नाहीतर तो वाजतच राहतो. शिवाय दोन पट्ट्यांनी एकच सूर मागितला असेल, तर एक सोडल्यावर तो बंद होता कामा नये. म्हणून १२८ सुरांसाठी १२८ मोजण्या ठेवल्या. मोजणी शून्यावर आली तरच सूर बंद.

पुढे झुबक्यांचा नंबर. तयार 'मेजर' पर्याय कसा वाजतो हे आबांना मुद्दाम ऐकवलं. भैरवीत सा दाबला की त्यासोबत शुद्ध ग आला. आबांनी हात उचलला. "ही भैरवी नाही." बरोबरच आहे, भैरवीचा ग कोमल. कॉम्प्युटर सगळ्या पट्ट्यांना सारखेच ४ आणि ७ मिळवतो, राग कुठला चाललाय हे त्याला कुठे माहीत? तेव्हा प्रत्येक रागाचा वेगळा तक्ता केला. आबांचा सा काळी एक, म्हणजे ६१. भूपाच्या पाच सुरांत पूर्ण झुबके दोनच बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकीच्या पट्ट्यांना फक्त कपलर. भैरवीत मात्र सात सुरांचे सात झुबके होतात, तीन मेजर, तीन मायनर आणि एक डिमिनिश्ड.

हे सातही आबांनी डोळे मिटून ऐकले. सहांना मान हलवली. पंचमाला थांबले. "ह्याला काही जोडू नको बाई. एकट्यालाच राहू दे त्याला." पंचमावरचा झुबका म्हणजे प, कोमल नि आणि कोमल रे. तोच तो डिमिनिश्ड! हा शब्द आबांनी जन्मात ऐकलेला नाही. त्या रात्री तक्त्यातली पंचमाची ओळ मी कोरी ठेवली.

आबा अजून कीबोर्ड देवळात न्यायला तयार नाहीत. देवाम्होरं पेटीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यामुळे हल्ली दर गुरुवारी मंडळच आमच्या घरी येतं. शेवटच्या भैरवीला टाळकरी जरा हळू वाजवतात, आबांचे झुबके ऐकू यावेत म्हणून. आई फोन तसाच चालू ठेवते आणि इकडे मी मेसचं ताट बाजूला सारून ऐकते.

आपल्याकडेही कुणाच्या घरी अशी एखादी पेटी कपाटावर गेली असेल. प्रोग्राम लहानसाच आहे, पेन ड्राइव्ह घेऊन या. फक्त तक्ता भरताना शेजारी एखादे आबा बसवा.