खालाचे समाधान

रेवसला रस्ता संपतो आणि बंदर सुरू होते. अलिबागहून येणारी एसटी आणि मिनीडोर इथेच वळतात. पुढे पाणी, पलीकडे करंजा, आणि लाँचने गेलात तर मुंबईचा भाऊचा धक्का. त्यामुळे इथल्या आजारी माणसापुढे दोन वाटा असतात. एक जमिनीवरून अलिबागला, जिल्हा रुग्णालयाकडे. दुसरी लाँचने धक्क्यावर आणि तिथून टॅक्सीने जे. जे.ला. आमच्या कोकणी मुसलमानांची डोंगरी, माझगावला कुणी ना कुणी नातेवाईक असतातच, म्हणून दुसरी वाट आम्हाला परकी वाटत नाही. या दोन वाटांच्या आधी जे लागायला हवे ते प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे जाणाऱ्यांचे समाधान कसे मोजतात, त्याबद्दल लिहायचे आहे.

माझी खाला या भागात राहते. वय सत्तरीच्या पुढे, बीपी आणि शुगर दोन्ही. मागे एकदा सरकारी केंद्राबाहेर एका मुलीने तिला थांबवून प्रश्न विचारले. डॉक्टर नीट बोलले का? औषध मिळाले का? एकंदर किती समाधानी आहात? खालाने सगळ्यांना एकच उत्तर दिले, "सगला बरा हाय, अल्हमदुलिल्लाह." मुलीने कागदावर सगळीकडे वरचा रकाना भरला आणि पुढच्या बाईकडे वळली.

घरी चहा पिताना मी खालाला वेगळे विचारले. आज बीपी मोजले का? नाही, यंत्र बिघडले होते. मागच्या वेळी? तेव्हाही. शुगरच्या गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या? दहा दिवसांच्या. मग उरलेले वीस दिवस? "मेडिकलमधून घेते, नायतर एक दिवसाआड खाते." डॉक्टरांनी काय सांगितले? डॉक्टर मीटिंगला गेले होते, सिस्टरने जुना कागद बघून गोळ्या दिल्या. (केंद्राचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा त्या एका इमारतीची होते.)

खाला खोटे बोलली नव्हती. कसे आहात असे विचारल्यावर शुक्र करणे ही आमच्या घरांतली जन्मापासूनची सवय आहे. ताप असो, मयत असो, आधी अल्हमदुलिल्लाह, मग हकीकत. शेजारच्या कोळणी आणि आगरी बाया देवाचे नाव घेऊन तेच म्हणतात. प्रश्न विचारणारी हकीकतीपर्यंत थांबली नाही, एवढेच. शिवाय ती सिस्टर उद्या पुन्हा भेटणार आहे. ती वाईटही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने छपरे उडवली, वर कोरोना होता, त्या दिवसांत दारात येऊन खालाची विचारपूस करणारी तीच होती. तिच्याविरुद्ध शब्द कसा काढायचा? पण यंत्र बिघडलेले आहे हे सांगणे म्हणजे सिस्टरविरुद्ध बोलणे नव्हे, हा फरक त्या कागदावर कुठेच नव्हता.

आणि मोफतपणाचे ओझे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. चांगला निर्णय आहे. पण फुकट मिळते त्याला नावे कशी ठेवायची, हा संकोच त्यातून आणखी वाढला. खाला काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरते, हे तिला कुणी सांगितलेले नाही.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी यावर अवेदिस डोनाबेदियन या अभ्यासकाने १९६६ साली लिहिलेला निबंध आजही आधार मानला जातो. त्याने तीन गोष्टी वेगळ्या केल्या : दवाखान्यात काय आहे, तिथे काय केले जाते, आणि त्यातून रुग्णाचे काय होते. रुग्णाच्या समाधानाला तो महत्त्व देत असे. पण समाधान अपेक्षेवर उभे असते. ज्याची अपेक्षा दार उघडे असण्यापुरतीच आहे, तो उघडे दार बघूनच समाधानी होतो. उलटही घडते. सुई टोचली, सलाईन लावले की आपला माणूस खूश. नुसते खाणे बदला, चाला म्हणणारा डॉक्टर त्याला आवडत नाही, मग तो कितीही बरोबर असो. रुग्ण खूश म्हणजे उपचार बरोबर, असे मुळीच नाही.

डॉक्टरांची बाजूही बघायला हवी. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला देश बांगलादेशच्या शेजारीच बसतो, दोनेक मिनिटांवर. नियमाप्रमाणे सपाट भागात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यात लसीकरण, बाळंतपणे, साथी, मीटिंगा आणि न संपणारे ऑनलाइन अहवाल. दोन मिनिटांत खालाची गोष्ट अल्हमदुलिल्लाहच्या पुढे जाणार कशी?

खरी मेख मात्र निराळीच आहे. केंद्राच्या दारात विचारलेला प्रश्न फक्त केंद्रात आलेल्यांना विचारला जातो. जो माणूस दोनदा परत गेला आणि तिसऱ्या वेळी सरळ लाँचमध्ये बसला, तो त्या कागदावर नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घरोघर जाऊन विचारते. तिच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांनी सांगितले की आम्ही सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही. कारणे तीच : दर्जा बरा नाही, जवळ सोय नाही, फार वेळ थांबावे लागते. घरात विचारले की लोक बोलतात.

आमच्या बायांचे न बोलणे आणखी एका थराचे असते. पडदा नसलेल्या खोलीत, चार माणसांसमोर, पुरुष डॉक्टरला अंगावरून जाते हे सांगायचे कसे? त्या डोकेदुखी सांगतात, डोकेदुखीची गोळी घेतात आणि समाधानी म्हणून नोंदल्या जातात. एका पडद्याला किती खर्च येतो?

आपल्याकडे सब्र आणि तक्रार यांची उगाच भांडणे लावून दिली आहेत. वाझ ऐकताना बायांना सब्र करा असे इतक्या वेळा सांगितले जाते की तक्रार म्हणजे नाशुक्री वाटू लागते. पण कुराणातली ५८वी सूरा, अल-मुजादिला, हिचे नावच हुज्जत घालणाऱ्या बाईवरून आले आहे. परंपरेने तिचे नाव खौला बिन्ते सअलबा सांगतात. नवऱ्याने केलेल्या अन्यायाची फिर्याद घेऊन ती पैगंबरांकडे आली, हटली नाही, आणि सूरेची सुरुवातच अल्लाहने तिचे म्हणणे ऐकले या ग्वाहीने होते. मी हे खालाला सांगितले. तिला सूरा पाठ होती, बाई ठाऊक नव्हती.

महाराष्ट्रात याहून बरी पद्धत करून पाहिलेली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे तिचे राज्यपातळीवरचे काम होते. गावच्या समितीने नेमक्या गोष्टी तपासायच्या, लाल, पिवळा, हिरवा असे रंग द्यायचे, आणि मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. औषध आहे की नाही, रुग्णवाहिका आली की नाही, पैसे मागितले का, असे प्रश्न. तिथे एकट्या बाईला सिस्टरविरुद्ध बोलावे लागत नाही. गाव बोलते, आणि साठा का आला नाही हे डॉक्टरलाही वरच्यांना सर्वांदेखत विचारता येते. आज केंद्रांवर आयुष्मान आरोग्य मंदिराच्या पाट्या लागल्या आहेत. रुग्ण कल्याण समित्या कागदावर आहेत. आपल्या केंद्राच्या समितीत कोण आहे, हे मी खालाच्या मोहल्ल्यात विचारले तर तिघांनी तीन नावे सांगितली.

रेवस-करंजा पुलाचे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिले. काम आता कुठे मार्गी लागले आहे. तो झाला की उरण, पनवेल, नवी मुंबईचे मोठे दवाखाने जवळ येतील. ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा आहे ते लाँचची वाट न पाहता निघून जातील, आणि केंद्राच्या रांगेत उरलेले लोक पुढच्या पाहणीत आणखी समाधानी दिसतील.