चुलीपर्यंत कोण गेलं?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, टीस नदीच्या काठी मिडल्सब्रो आहे. 1801 च्या शिरगणतीत तिथे अवघी पंचवीस माणसं होती. 1850 मध्ये शेजारच्या ईस्टन टेकड्यांत लोखंडाच्या दगडाचा मोठा थर सापडला, आणि शतक सरेपर्यंत नव्वद हजारांचं शहर उभं राहिलं. विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा, रात्री भट्ट्यांच्या उजेडानं लाल झालेलं आभाळ, पाळी बदलताना नदी ओलांडणारे कामगारांचे जथे. त्या घरांत एक बाई वर्षानुवर्षं जात राहिली. फ्लॉरेन्स बेल तिचं नाव. नवरा लोखंडाच्या कारखान्याचा मालक. ती आणि तिच्या सोबतिणी मिळून हजारावर घरांत जाऊन आल्या, आणि 1907 साली तिनं ‘ॲट द वर्क्स’ हे पुस्तक लिहिलं.

आठवड्याच्या पगारातून भाडं किती गेलं, कोळसा किती, मांस किती, हे त्या पुस्तकात घराघराच्या हिशेबानं मांडलेलं आहे. आजारपण आलं की घर कसं कोसळतं, म्हातारपणी भट्टीवरच्या माणसाचं काय होतं, बायका दिवसभर काय करतात, कोण दारू पितो, कोण पैजा लावतो, कोण काय वाचतो, हेही आहे. मालकिणीचा सूर कुठे कुठे जाणवतो. काही बायकांना ती कामचुकार ठरवून मोकळी होते, आणि ते वाचताना मला राग येतो. तरी ती चुलीपर्यंत गेली. म्हणून शंभर वर्षांपूर्वी मिडल्सब्रोतल्या बाईचा सोमवार कसा उगवायचा, हे आज आपल्याला कळू शकतं.

मध्य प्रदेशातल्या आपल्या बालाघाट जिल्ह्यात, बिरसाहून बैहर, उकवा करत बालाघाटकडे जाताना मला हे पुस्तक आठवतं. बिरसा तालुक्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, पुढे उकव्याला मँगनीज, घाट उतरून बालाघाटच्या तोंडाशी भरवेलीला पुन्हा मँगनीज. साल-सागाच्या जंगलातून जाणारा हा रस्ता खदानीपासून खदानीपर्यंत जातो. पोलाद करायला मँगनीज लागतंच. लोखंडातला प्राणवायू आणि गंधक आवरण्याचं काम ते करतं. ते नसेल तर तापवून ठोकताना पोलाद तडकतं. इंग्लंडच्या भट्ट्यांना विसाव्या शतकाच्या आरंभी हा काळा दगड हवा होता, आणि तो आपल्या डोंगरांत उघड्यावर पडलेला होता.

1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभं राहिलं. पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, नोंदणी विलायतेतली. 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी आली. बंगाल-नागपूर रेल्वेची ती छोटी गाडी जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून धावते. डोंगरातला दगड या गाडीनं गोंदियाला, तिथून मोठ्या रुळांवर बंदराला, बंदरातून बोटीनं परदेशी. तेव्हा आपण नागपूरच्या राज्यकारभारातले होतो. लांजी-कटंगीकडे मराठी, वाड्यावाड्यांत पोवारी, डोंगरावर गोंडी, आणि कचेरीत इंग्रजी. खदानीवर मात्र या सगळ्या बोली एकाच घामात मिसळत.

आता 1925 च्या सुमाराची भरवेली डोळ्यांपुढे आणा. आज ही खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. तेव्हा डोंगराला पायऱ्या पाडून वरूनच दगड काढत. पुरुष सब्बल आणि घन घेऊन फोडायला. बायकांना, म्हणजे रेजांना, टोपली, हातोडी आणि निवड. चांगला दगड जड आणि काळा. हलका, भुरका दगड निघाला की तो बाजूला. हातात घेतल्याबरोबर वजनावरून माल ओळखायची ही कला होती आणि ती बायकांच्या हातात होती. निवडलेल्या दगडाची रास रचायची, रास मोजली जायची, मोजमापावर मजुरी. मापाची काठी ठेकेदाराच्या माणसाच्या हातात. बाईला पुरुषाहून कमी आणे.

मजूर कुठले? आसपासचे गोंड, गावागावांतली बिनजमिनीची माणसं, आणि ठेकेदारानं छत्तीसगढातून आणलेली कुटुंबंच्या कुटुंबं. बांबूचे तट्टे आणि गवताचं छप्पर, आत एक चूल, दारात मडकं. सकाळी कोदो-कुटकीची पातळ पेज पिऊन निघायचं, उरलेली भोपळ्याच्या तुंब्यात दुपारसाठी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि बांबूचे वास्ते, उन्हाळ्यात मोहफुलं. तान्हं मूल मोहाच्या फांदीला झोळीत, त्याहून मोठं मूल त्याला झोका द्यायला, त्याहूनही मोठं टोपली उचलायला. 1923 च्या खाण कायद्यानं तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत कामाला लावायची बंदी केली, आठवड्याचे तास उघड्यावर साठ आणि जमिनीखाली चोपन्न ठरवले, एक दिवस सुट्टीचा ठेवला. म्हणजे त्याआधी तासांना धरबंदच नव्हता. बाळंतपणाचा भत्ता खाणीतल्या बाईला कायद्यानं मिळाला तो 1941 साली. 1925 मधली बाळंतीण घरी बसली की तिची मजुरीही बसली.

सुट्टीचा दिवस बाजाराचा. मीठ, मिरची, बांगड्या, एखादं लुगडं, मोहाची दारू, उधारी फेडणं आणि नवी उधारी काढणं. मिडल्सब्रोच्या बाईचीही पगारानंतरची संध्याकाळ अशीच जायची: गहाण ठेवलेला रविवारचा कोट सोडवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गहाण टाकायचा. दोघींचं दुःख एकसारखं आहे असं मी म्हणणार नाही. तिकडे शाळा होती, इस्पितळ होतं, संघटना होती, वर्तमानपत्र होतं. त्याच 1907 मध्ये फ्लॉरेन्स बेलनं कामगारांना संध्याकाळी बसायला, संगीत ऐकायला विंटर गार्डन उभारलं. इकडे हिवताप होता, आणि 1918 चा इन्फ्लुएंझा येऊन गेला होता.

आणि धूळ होती. मँगनीजची भुकटी तळहाताच्या रेषांत बसते. पण तिचं खरं नुकसान दिसायला वर्षं लागतात: चाल अडखळते, बोलणं पुसट होतं, चेहऱ्यावरचे भाव थिजतात. मँगनीज दळणाऱ्या कामगारांमधला हा आजार ग्लासगोच्या कूपर यांनी 1837 सालीच नोंदवला होता. म्हणजे आपल्या डोंगरावर पहिला घन पडायच्या साठेक वर्षं आधी. भरवेलीच्या तळावर कुणाची चाल अडखळली असेल, तर त्याला घरच्यांनी काय म्हटलं असेल? लकवा, बाहेरची बाधा, की नुसतंच म्हातारपण?

दगडाबद्दल मात्र सगळं लिहिलं गेलं. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातले लुईस ली फर्मर या डोंगरांतून हिंडले आणि 1909 साली त्यांचा मँगनीजवरचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. खाणीगणिक थर, उतार, रंग, रासायनिक प्रमाण, सगळं त्यात आहे. असा अभ्यास करायला आयुष्य ओतावं लागतं, आणि फर्मर यांनी ते ओतलं. मँगनीजबरोबर आढळणाऱ्या एका खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. ते आज जगभरच्या भूशास्त्रात चालतं. पण त्याच वर्षांत त्याच डोंगरावर दगड निवडणारी गोंड बाई काय खायची, कुणाला किती देणं लागायची, तिची किती मुलं जगली, यासाठी कुणी दोन पानंही खर्चली नाहीत. फर्मर यांचं ते काम नव्हतं. ज्यांचं होतं त्यांना ते सुचलं नाही.

1929 नंतर जगात मंदी आली. पोलादाची मागणी घटली, मिडल्सब्रोच्या भट्ट्या थंडावल्या, आणि मध्य प्रांतातल्या खदानी एकामागून एक बंद पडल्या. तिकडच्या बेकारांची आकडेवारी वर्तमानपत्रांत छापून येत होती. इकडची माणसं जंगलात परत गेली, छत्तीसगढाच्या वाटेला लागली, नागपूरच्या गिरण्यांकडे गेली. ती मोजलीच गेली नाहीत, म्हणून कुठल्या आकडेवारीत ती हरवलीही नाहीत. पुढे 1962 मध्ये त्या विलायती मँगनीज कंपनीचा कारभार सरकारच्या भागीदारीतल्या मॉइल या कंपनीकडे आला आणि 1977 मध्ये विलायती कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारनं घेतला.

मलाजखंडची गोष्ट अजून हातातून गेलेली नाही. हिंदुस्तान कॉपरचा हा प्रकल्प 1982 साली सुरू झाला, आणि देशातल्या तांब्याच्या साठ्याचा फार मोठा वाटा इथे आहे. त्याआधी तिथे डोंगर होता, बैगा आणि गोंडांची गावं होती, बंजर नदीचं खोरं होतं. सुरुंगाचा पहिला आवाज ऐकलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. पहिल्यांदा क्वार्टरमध्ये राहायला गेलेल्या बायका आहेत, नळाचं पाणी पहिल्यांदा घरात आलेलं पाहिलेल्या आहेत, आणि जमीन देऊन ठेकेदाराकडे रोजंदारीवर गेलेलीही माणसं आहेत. इंग्लंडमधल्या गावाला 1907 साली जसं पुस्तक मिळालं, तसं या गावाला मिळायला कुणा मालकिणीची वाट पाहायची गरज नाही.

बिरसा, बैहर, उकवा आणि भरवेलीच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींनो, या सुट्टीत आपल्या आजीजवळ बसा. तिला पहिली मजुरी किती मिळाली ते विचारा. त्या पैशातून काय घेतलं, पेज कशाची होती, मूल कुणाजवळ ठेवलं, धुळीनं कोण आजारी पडलं, ठेकेदाराचं माप खरं होतं का, हे विचारा. ती गोंडीत बोलली तर गोंडीत लिहा, पोवारीत बोलली तर पोवारीत. तारीख घाला, गावाचं नाव घाला, आणि वही जपून ठेवा.