भुज, अंजार, अहमदाबाद : भूकंपाच्या वाटेवर

वांद्र्याहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी भचाऊ लागते, मग गांधीधाम, अंजार आणि शेवटी भुज. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी याच पट्ट्यात जमीन हादरली. केंद्र भचाऊजवळ, तीव्रता ७.७.

दिवस प्रजासत्ताकाचा. अंजारच्या बाजारातील अरुंद गल्लीतून शाळेच्या मुलांची फेरी चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक त्यात गेले. त्यांचे स्मारक आता अंजारला झाले आहे. तिथे नावे वाचताना आमच्यापैकी कुणालाच बोलवेना.

भुजला भुजिया डोंगरावर २०२२ साली स्मृतिवन खुले झाले. डोंगरउतारावर पाणी अडवणारे लहान लहान बंधारे आहेत आणि त्यांवर मृतांची नावे लावली आहेत. गुजरातेतील बळींचा शासकीय आकडा १३,८०५.

हे का घडले? आपली भारतभूमी ज्या प्रचंड भूपट्टावर आहे तो उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे. तो ताण कच्छच्या पोटातील जुन्या भेगांत साठत राहतो आणि एक दिवस खडक सरकतो. १८१९ साली असेच झाले, तेव्हा रणात मैलोन् मैल लांबीचा उंचवटा वर आला. लोक त्याला अल्लाह बंद म्हणतात. १९५६ साली अंजारच पडले होते. म्हणजे धोका माहीत होता. भूकंप कुणाच्या पापाने होत नाही, पण घर पडते ते माणसाच्या हातून झालेल्या कामामुळे.

परतीच्या वाटेवर अहमदाबादला उतरलो ते यासाठीच. केंद्रापासून हे शहर दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, तरी इथे सातशेवर माणसे मेली. साबरमतीकाठच्या गाळाच्या जमिनीत हादरा वाढला. पडल्या त्यात पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या बहुमजली इमारती कितीतरी होत्या. वर भिंतींनी भरलेले जड मजले, खाली नुसते खांब, त्यांतली सळईची कडी अपुरी. खांब मोडले आणि इमारत बसली. जुन्या शहरातील पोळांमधली लाकडी सांगाड्याची घरे मात्र बरीचशी तगली. कच्छातले गोल भुंगेही उभे राहिले. किल्लारीला १९९३ साली दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसे मारली, अहमदाबादला सिमेंटच्या खांबांनी. 'पक्के घर' म्हणून आपण निर्धास्त होतो, ते काही खरे नाही.

आपल्या वस्त्यांतही चाळी पाडून टॉवर होत आहेत. सभेत खोली किती चौरस फुटांची, एवढेच विचारले जाते. खांबांचा हिशेब कोणी केला, इंजिनिअरचा दाखला कुठे आहे, हे विचारायला क्वचितच कोणी उठतो. बायकांनी तरी विचारावे. दिवसभर घरात जास्त त्याच असतात.

भुजचे सरकारी रुग्णालय कोसळले होते. नवे बांधले ते रबर आणि शिशाच्या बैठकांवर, म्हणजे जमीन हलली तरी वरच्या इमारतीला तिचा धक्का कमी लागावा. गावातले रस्तेही रुंद झाले. त्यासाठी मोठ्या प्लॉटमधून जास्त जागा घेतली, अगदी लहानांना सोडले. ही गोष्ट आम्हांला आवडली.

मदतीची कथा वेगळी. भूकंपाने जात पाहिली नाही, छावण्यांनी पाहिली. दलितांना आणि मुसलमानांना मदतीत डावलल्याच्या, वेगळे ठेवल्याच्या तक्रारी त्याच वेळी वृत्तपत्रांत आल्या होत्या. आणि भाडेकरू! मदत घरमालकाच्या कागदावर मिळाली. ज्याच्या नावावर भिंतच नव्हती, त्याने पडल्याची नोंद कुठे करायची? मालकाने पुन्हा बांधले तरी जुन्या भाडेकरूला आत घेतलेच असे नाही. भुजच्या कडेला तात्पुरत्या निवाऱ्यांत अशा कुटुंबांनी वर्षे काढली.