नावे फोटोच्या पोटात

मागच्या पावसाळ्यात आमची आत्या गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ठेवायला तिचा बरासा फोटो हवा होता. आमच्या कॉम्प्युटरात सहा हजारांवर फोटो आहेत. त्यांत आत्या असणार हे नक्की, कारण घरातले जुने अल्बम आम्हीच स्कॅन केलेले. पण रात्री दीड वाजेपर्यंत शोधूनही ती सापडली नाही. प्रत्येक फोटोचे नाव म्हणजे नुसता आकडा. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात आत्या आत्यासारखी दिसत नव्हती.

वास्तविक नावे टाकण्याचे काम आम्ही पूर्वी एकदा केले होते. फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये एकेका चेहऱ्याखाली नाव लिहिले होते. पुढे हार्डडिस्क कुरकुरू लागली म्हणून सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवले आणि निर्धास्त झालो. फोटो वाचले, नावे गेली. नावे फोटोत नव्हतीच मुळी. सॉफ्टवेअरने ती स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहिली होती आणि ती वही जुन्या डिस्कवरच राहिली. फायली दुसऱ्या ऑफिसला पाठवाव्यात आणि रजिस्टर कपाटात विसरावे, तसे झाले. जन्म आवक-जावक करण्यात घालवलेल्या कारकुनाला हे सुचू नये! असो.

आत्या गेल्यावर पुन्हा कंबर कसली. आमचे मशीन सेकंडहँड, रॅम 4 जीबी. आधी एक मोठे, सर्व सोयींचे सॉफ्टवेअर टाकले. ते चेहरे आपोआप ओळखते म्हणे. रात्रभर मशीनचा पंखा घरघरत राहिला, सकाळी माऊसदेखील हलेना. "अहो, बंद करा ते, जळायचं एखाद्या दिवशी," असा घरातून हुकूम सुटला. ते काढले.

मग इरफानव्ह्यू घेतले. इरफान श्किल्यान या मूळच्या बोस्नियाच्या तरुणाने 1996 साली ते आणले आणि आपलेच नाव त्याला दिले. अवघ्या काही एमबीचे, घरगुती वापराला फुकट. क्लिक केले की फोटो समोर. शिवाय शेकडो फोटोंची नावे एकदम बदलता येतात, याचा मोठा फायदा झाला. स्कॅन केलेल्या फोटोवर कॉम्प्युटर स्कॅनची तारीख लावतो, लग्नाची नाही. म्हणून आम्ही फाइलचे नावच वर्षापासून सुरू केले: 1983-05, मग 01, 02. वर्ष आधी लिहिले की फोटो आपसूक क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की सगळा गोंधळ.

त्यानंतर एक्सएनव्ह्यू एमपी वापरून पाहिले. हेही घरगुती वापराला फुकट आणि आमच्या मशीनला झेपणारे. वर्गवारी, तारे, शोध, सगळे त्यात आहे. परंतु आता आम्ही शहाणे झालो होतो. पहिला प्रश्न हाच की, नाव कुठे लिहिले जाते? जेपीजी फाइलच्या पोटात मजकूर ठेवण्याची सोय असते. तिची आयपीटीसी ही जुनी पद्धत वृत्तसंस्थांसाठी ठरलेली आहे. तारीख, ठिकाण, फोटोखालचा मजकूर फोटोबरोबरच जावा म्हणून. तिच्यात देवनागरी कधीकधी बिघडते. एका सॉफ्टवेअरमध्ये आमच्या मामीच्या नावाची सात प्रश्नचिन्हे झाली होती. नंतर आलेली एक्सएमपी पद्धत युनिकोडवर चालते, तिच्यात मराठी नीट राहते.

परीक्षा अगदी सोपी आहे, वाचकांनीही करून पाहावी. एका फोटोत मजकूर लिहायचा, तेवढाच एक फोटो पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. मजकूर दिसला तर पुढे जायचे. आम्ही भाच्याच्या घरी जाऊन पाहिले. दिसला! मात्र हे काम सुरू करण्याआधी सर्व फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नये. गुगलचे पिकासा किती घरांत होते, 2016 साली ते बंद झाले. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत पोटातली ही माहिती उरत नाही, तेव्हा मूळ फाइल जपावी.

आता रविवारी दुपारी आईला कॉम्प्युटरसमोर बसवतो. तिचे वय 71, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. फोटो मोठा करून दाखवला की ती बोटाने काच पुसते आणि सांगू लागते. काकांच्या लग्नातला 1983 सालचा फोटो आहे, एकवीस माणसांचा. त्यातल्या चौघांनाच आम्ही ओळखत होतो. "ही नव्हं, ही तिची जाऊ. आन् ह्यो उभा ऱ्हायलाय ना, त्यानं मांडवाचे बांबू खांद्यावर आणले हुते." आम्ही वर्तमानपत्राप्रमाणे 'डावीकडून' असे लिहून नावे टाकत जातो, बांबूंसकट.

त्याच फोटोत मागच्या रांगेत, कडेला, डोक्यावर पदर घेतलेली आमची आत्या सापडली. वय वीस-बावीस असेल. हसते आहे. आईने तिचे नाव सांगितले आणि मग बराच वेळ पुढचे सांगितले नाही. तिच्या शेजारच्या मुलाचे नाव अजून आठवत नाही. तिथे आम्ही 'आईला पुन्हा विचारणे' असे लिहून ठेवले आहे.