एक टोक मोकळे

६ जानेवारी २०२४ रोजी ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले. त्यावरील ‘व्हीईएलसी’ हे सूर्याच्या प्रभामंडलाचे निरीक्षण करणारे उपकरण भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या होसकोटे येथील केंद्रात सिद्ध झाले. त्यात प्रकाशाचे रंग वेगळे करणारी ग्रेटिंग आहे, आणि ग्रेटिंग म्हटली की मला स्क्रू आठवतो. १८८२च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांनी धातूच्या आरशावर एका इंचात १४,४३८ रेघा ओढणारे यंत्र उभारले. त्यांचे सारे कौशल्य पणाला लागले होते ते एक निर्दोष स्क्रू घडवण्यात आणि तो नीट बसवण्यात.

माझी गोष्ट फार लहान आहे, पण तीही स्क्रूचीच आहे. प्रकाशीय प्रयोगांसाठी लागणारे अॅल्युमिनियमचे धारक बाहेरून करून घेणे परवडेना, म्हणून म्हैसूरच्या माझ्या घराच्या पडवीत एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीसोबत मी सीएनसी यंत्र बांधायला घेतले. सांगाडा पोलादी, बॉलस्क्रू १६ मिमी व्यासाचा, दोन आधारांमध्ये ६०० मिमी लांब, एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा. मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे एक पाऊल ०.०२५ मिमीचे. स्क्रू जराही हलू नये म्हणून मी दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर नट करकचून आवळले. जितके घट्ट तितके अचूक, अशी माझी समजूत होती.

पहिला अर्धा तास यंत्र चोख चाले. मग मोटर घुमू लागे आणि छिद्रे सरकत. मी विद्यार्थिनीला प्रोग्रॅम तपासायला सांगितले. एकदा नव्हे, तीन आठवडे. तिने प्रत्येक चूक मोजून वहीत मांडली आणि एके दिवशी वही माझ्यापुढे ठेवली. “मॅडम, चूक नेहमी ०.१ मिमीच्या पटीतच येते.” असल्या मोटरचा ताल सुटला, तर ती चार-चार पावलांनी मागे पडते, आणि चार पावले म्हणजे बरोबर ०.१ मिमी. दोष प्रोग्रॅमचा नव्हता. मोटरला भार पेलवत नव्हता. स्क्रूला हात लावला, तर तो कोमट होता.

उत्तर अकरावीच्या पुस्तकातले होते. पोलादाचा प्रसरणांक अंशाला सुमारे १२ दशलक्षांश. नटाच्या घर्षणाने स्क्रू सांगाड्यापेक्षा १० अंशांनी तापला, तर तो ०.०७२ मिमी वाढू पाहतो. दोन्ही टोके पूर्ण जखडली, तर त्यातून सुमारे ३२०० न्यूटनचा, म्हणजे सव्वातीनशे किलो वजनाइतका दाब निर्माण होतो. प्रत्यक्षात आधाराच्या पट्ट्या थोड्या वाकतात, त्यामुळे तो तितका चढत नाही. पण बेअरिंग जाम व्हायला त्याचा अंशही पुरे. डॉक्टरेट मिळवलेल्या मला हे दिसले नव्हते.

स्क्रूचे टोक कातून आणायला मी ज्या वर्कशॉपमध्ये गेले, तिथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’चा जुना लेथ होता. किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे सुरू केलेल्या कारखान्याचा. कन्नड बोलणाऱ्या वृद्ध टर्नरने माझी हकिगत ऐकून फक्त लेथच्या लीडस्क्रूकडे बोट दाखवले. एका टोकाला तो पुढेमागे सरकू नये असा अडवलेला. दुसऱ्या टोकाला नुसता बुशमध्ये टेकलेला, लांबीच्या दिशेने मोकळा.

आम्ही तसेच केले. मोटरकडच्या टोकाला समोरासमोर बसवलेली अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, तिथेच सारा रेटा. दुसऱ्या टोकाला साधे बॉल बेअरिंग, आपल्या घरात मागेपुढे सरकू शकणारे. बसवताना आधी नट अडवलेल्या टोकाजवळ आणून ते टोक घट्ट केले. मग नट मोकळ्या टोकापर्यंत नेला, तेथील आधाराला आपली जागा आपणच घेऊ दिली आणि तो ज्या जागी स्थिरावला तिथेच बोल्ट आवळले. टेबलाचे वजन रुळांनी पेलायचे, स्क्रूने फक्त ढकलायचे. आता यंत्र चार तास चालले तरी पाऊल चुकत नाही.

त्या दिवशी मी विद्यार्थिनीची माफी मागितली. ती हसून म्हणाली, “वही ठेवायला तुम्हीच शिकवलंत.” ते खरे होते, पण ती वही उघडून पाहायला मला तीन आठवडे लागले, हेही तितकेच खरे.

विद्यार्थी मित्रहो, यानाच्या बातम्या जरूर वाचा. मात्र एखाद्या जुन्या लेथपाशीही थोडा वेळ उभे राहा, आणि त्याच्या स्क्रूचे कोणते टोक मोकळे आहे ते शोधून पाहा.