क्रमवारी आणि शोक

'मेटॅलिका' या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या अल्बमांची क्रमवारी लावणे हा त्याच्या चाहत्यांचा जुना व्यासंग आहे. या याद्यांत 'राइड द लायटनिंग' (१९८४) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) बहुधा शिखरावर असतात, तर 'सेंट अँगर' (२००३) तळाशी. सर्वाधिक खप झालेला १९९१ चा अल्बम मात्र पुष्कळदा मागे राहतो. चाहता रचनेची गुंतागुंत, गिटारचा आघात, ड्रमचा नाद असे निकष मांडतो. ते खोटे नसतात. परंतु त्यांच्या आड एक मृत्यू उभा असतो. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमधील बस अपघातात बेसवादक क्लिफ बर्टन गेला. शिखरावरचे दोन्ही अल्बम त्याच्या हयातीतले. पुढच्या, म्हणजे १९८८ च्या अल्बमात नव्या वादकाचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहता या दोषाची नोंद करतो, आणि तरीही त्या अल्बमाला वरचे स्थान देतो. जणू ती पोकळीही संहितेचाच भाग असावी.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'मास्टर ऑफ पपेट्स'चा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश केला. चाहत्यांनी आधीच दिलेल्या स्थानावर अशा रीतीने संस्थेची मोहोर उमटली. मोहोर उमटली की निकष तेवढे उरतात, शोक पुसला जातो. अभ्यासक्रमांतील 'अभिजात' ग्रंथांची उतरंड याहून वेगळ्या रीतीने रचली गेली असेल काय? चाहत्याला निदान आपली आसक्ती लपवावी लागत नाही. समीक्षेने मात्र तिला तटस्थता हे नाव दिले आहे.